तव्यावरचं आणि डब्यातलं

मार्गशीर्ष अमावास्येला लातूरच्या गंजगोलाईत चहाची टपरी उघडी सापडली तर नशीब समजायचं. एरवी पाय ठेवायला जागा नसलेला हा बाजार त्या दिवशी शटर ओढून बसलेला असतो. बाहेरगावचा माणूस हटकून विचारतो, ‘आज बंद कशाचा?’ बंद कशाचाच नसतो. येळवस असते. पंचांगात दर्शवेळा अमावास्या, कागदोपत्री जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली स्थानिक सुट्टी, आणि घरोघरी एकच घाई : ऊन चढायच्या आत शेत गाठायचं. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडचं बीदर-कलबुर्गी, एवढा सगळा मुलूख त्या दिवशी रानात जेवतो.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या बांधून कोप केलेली असते. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा होते, आंबील शिंपडत उभ्या पिकाला फेरी होते आणि मग पंगत बसते. ताटात भज्जी असते. भज्जी म्हणजे तुरीचे कोवळे दाणे, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, भुईमूग, गाजर, मेथी, चुका, कांद्याची पात, थोडक्यात शिवारात त्या आठवड्यात जे जे हिरवं असेल ते, ताकात कालवलेल्या बेसनात शिजवलेलं. शेजारी बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, गव्हाची खीर, वांग्याचं भरीत, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले आग्रहाने बोलावतात. न बोलावता कुणी बांधावर आलं तरी त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

हे सगळं रानात खाल्लं जातं, पण शिजतं घरी. दाणे सोलायला दोन दिवस आधीपासून माणसं बसतात. अमावास्येच्या पहाटे, बाहेर अंगावर काटा येईल असा गारठा असताना चुली पेटतात आणि नऊ-दहाच्या सुमारास टोपल्या, माठ, डबे घेऊन घरदार निघतं. त्या ताटातल्या तिळाच्या पोळ्या आता लातुरात विकतही मिळतात. भज्जी मात्र घरचीच लागते.

महाराष्ट्रातल्या हिवाळ्याच्या स्वयंपाकाची फाळणी नेमकी याच रेषेवर झाली आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे जे पदार्थ डब्यात टिकतात ते हळूहळू दुकानात, बचतगटात, कुरिअरच्या खोक्यात गेले. जे तव्यावरून, जाळावरून थेट ताटात यावे लागतात ते घरात राहिले. ज्या घरांनी तेही सोडले, त्या घरांतली माणसं आता शनिवार-रविवारी गाडी काढून त्या पदार्थांपर्यंत जातात.

आधी डबे

मोसम सुरू होतो तो डब्यांपासून. दिवाळीचा फराळ हा मुळात साठवणीचा स्वयंपाक. चकली, कडबोळी, शेव, चिवडा, शंकरपाळे, करंज्या, लाडू, चिरोटे यांतलं काहीच त्या दिवशी संपवायचं नसतं. पाण्याचा अंश उडवायचा, तेला-तुपात तळायचं, साखर-गुळात बांधायचं आणि झाकण घट्ट लावायचं, हे त्याचं साधं शास्त्र. चकलीची भाजणी तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धणे, जिरे वेगवेगळे भाजून दळतात, ते चवीइतकंच टिकण्यासाठीही. मोहन कमी पडलं तर चकली दगड होते, जास्त झालं तर सोऱ्यातून निघतानाच तुटते नि कढईत विरघळते. तेल कमी तापलं असेल तर ती तेल पिते. आणि एवढं सांभाळून केलेली चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडली की त्याचं खापर हवेवर फोडलं जातं.

सगळ्यात परीक्षा पाहतो तो अनारसा. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत पंचावर पसरायचे. पूर्ण वाळू द्यायचे नाहीत. हाताला दमट लागत असतानाच कुटायचे, बारीक चाळायचे, त्यात किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून गोळा बांधून ठेवायचा. चार-आठ दिवसांत पीठ आंबतं, मऊ होतं, वास बदलतो. मग खसखशीवर बोटांनी थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा. उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी पडली तर जिंकलं. गूळ जास्त झाला असेल तर अनारसा तुपात पसरतो, त्याचे कण कण होतात, आणि घरात ओरड होते, ‘हसला, हसला!’ त्यावर उपाय एकच, पिठात आणखी तांदळाची पिठी मिसळायची आणि पुन्हा वाट पाहायची.

अशा पदार्थांना प्रमाण लागतं, आणि प्रमाण लिहून ठेवता येतं. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे जाडजूड पुस्तक आलं. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने सगळी मापं वाट्या-चमच्यांत दिली. आईपासून लांब राहणाऱ्या मुलीला करंजीच्या सारणासाठी पत्र पाठवून थांबायची गरज उरली नाही. जे वाटीने मोजता येतं ते दुसऱ्या कुणालाही करता येतं, आणि मोठ्या प्रमाणावर करून विकताही येतं. फराळाचं नेमकं तेच झालं.

आज शहरातल्या बहुतेक घरांत फराळाचे दोन भाग असतात : घरचं आणि आणलेलं. चिवडा-लाडू घरचे, चकली-अनारसे आणलेले, ही सर्रास दिसणारी वाटणी. पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबर कित्येक वर्षं ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकतं. गल्लोगल्ली काकू, मावशी दसऱ्यापासून ऑर्डरी घेतात. परदेशी फराळ पाठवणारे कुरिअरवाले तर त्याच्याही आधी, गणपतीत, पाट्या लावतात. बे एरियात किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या लेकीपर्यंत चकली तुटून का होईना, पोचते. डबा प्रवास करू शकतो. भाकरीला ते जमत नाही, आणि गोष्ट तिथूनच वेगळी होते.

पिठाची विरी

बाजरी खरिपात पिकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणी, मळणी होते आणि दिवाळीनंतर नवी बाजरी घरात येते. ती ‘उष्ण’ म्हणून उन्हाळ्यात टाळायची आणि गारठ्यात लोण्याबरोबर, उसळीबरोबर, लसणाच्या चटणीबरोबर खायची, हा देशावरचा जुना शिरस्ता. तिच्यात लोहाचं प्रमाण चांगलं, शंभर ग्रॅममागे सहा मिलिग्रॅमच्या वर आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हा बाजरीच्या बिस्किटांपासून नूडल्सपर्यंत सगळं दुकानात आलं.

भाकरीचं पीठ मात्र दुकानाशी जुळवून घेत नाही. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो, गव्हाच्या कितीतरी जास्त. दाणा अखंड असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. दळला की स्निग्धांश आणि त्याला फोडणारी विकरं एकत्र येतात आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवटायला लागतं. शिवाय बाजरीत गव्हासारखं चिकट ग्लुटेन नसतं. भाकरी थापताना जी पकड लागते ती ताज्या पिठाला असते. जुनं झालं की पिठाची विरी जाते, भाकरी कडेने चिरते, परातीतून उचलताना दोन तुकडे होतात. मग गरम पाण्याची उकड घेऊन, पीठ जास्त मळून वेळ मारून न्यावी लागते. म्हणून बाजरी आठवड्याला लागेल तेवढीच गिरणीत पाठवायची, ही पद्धत. न्यू जर्सीच्या देशी किराणा दुकानात बाजरीच्या पिठाची पिशवी बारा महिने मिळते, पण ती समुद्र ओलांडून येईस्तोवर विरी वाटेतच गेलेली असते.

आणि भाकरीची कृती? लिहायची म्हटली तर चार ओळी. पीठ, पाणी, मीठ. तळहाताच्या टाचेने मळ, परातीत पीठ भुरभुरून थाप, पीठ लागलेली बाजू वर येईल अशी तव्यावर टाक, वरून पाण्याचा हात फिरव, पाणी आटत आलं की उलट, मग जाळावर शेक. फुगली की टोपलीत. या चार ओळींच्या जोरावर कुणाला आजवर भाकरी आलेली नाही. पाण्याचा हात जरा उशिरा फिरला तर पापुद्रा सुटतो, लवकर उलटली तर चिकटते. हे सगळं बघून, चटके खाऊन, बिघडवून शिकायचं असतं.

बाजाराने भाकरीवरही तोडगा काढलाच. सोलापूरची कडक भाकरी, ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ, पाण्याचा अंशही न ठेवता शेकलेली, पिशवीत बंद होऊन पुण्या-मुंबईत जाते आणि महिनोन्‌महिने राहते. दह्यात, आमटीत कुस्करायला ती झकास. पण ती बाजारात गेली ती तव्यावरचा स्वभाव सोडून, डब्यातली होऊन.

वांगं भाजायचं तर

आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदाभजी खाऊन चातुर्मास लागायचा आणि कांदा, लसूण, वांगी बंद व्हायची. ज्या घरांत खंडोबा कुलदैवत आहे, तिथे ही वांगी ताटात परत येतात ती मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातून. धर्मशास्त्र काहीही असो, शेताचं गणित पक्कं आहे. पावसाळ्यातलं वांगं किडकं, पाणचट. मार्गशीर्षातलं थंडी खाल्लेलं, घट्ट, कमी बियांचं.

त्यातही खानदेशाचा मान मोठा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव या वांग्याशी जोडलेलं आहे. हिरवट पांढुरक्या रेघांचं हे वांगं हातात घेतलं की वजनाने चकित करतं. ते गॅसवर भाजणं म्हणजे नाइलाज. खरं भाजतात ते कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर. काड्यांचा जाळ भसकन पेटतो आणि तसाच बसतो, साल करपते, आतला गर वाफेत शिजतो आणि धुराचा वास खोलवर उतरतो. मग सोललेली वांगी लाकडी बडजीत टाकून ठेचतात. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, तेलात तळलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप, मूठ-मूठ कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो घातला की खानदेशी माणसाच्या कपाळाला आठी पडते. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या.

जळगावात हिवाळ्यात भरीत किलोवर विकणारी केंद्रं आहेत. सकाळी ऑर्डर द्यायची, जेवणाच्या वेळी डबा न्यायचा. भरीत असं बाजारात आलं खरं, पण शहराच्या वेशीपर्यंतच. सकाळचं संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. शिकागोच्या फ्लॅटमध्ये इंडक्शनची शेगडी असेल तर तेही नाही. ओव्हनमध्ये वांगं मऊ होतं, भाजलं जात नाही. हौशी मंडळी मग अंगणातल्या बार्बेक्यूवर वांगी भाजतात, डिसेंबरात, टोपी-हातमोजे घालून.

खाणारा चालत गेला

काही पदार्थ घरातही आणता येत नाहीत. हुरडा त्यांतला पहिला.

रब्बीची ज्वारी डिसेंबरच्या अखेरीस दुधात असते, जानेवारीत दाणा भरतो. मधले काही दिवस असे असतात की दाणा हिरवा, गोड, पण हातावर चोळला तर सालीतून सुटा होणारा. तेवढ्यात तो गाठायचा. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, जाळ संपून निखारे झाले की कणसं त्यात खुपसायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची. सुरती, गूळभेंडी, कुचकुची ही हुरड्याची जुनी वाणं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले मधुर’सारखा वाण खास हुरड्यासाठी दिला. लसणाची चटणी, तिळाची चटणी, शेव, घट्ट दही, गूळ, बोरं, उसाचे करवे, हा त्याचा सरंजाम. कणीस तोडल्यापासून दाण्यातली गोडी उतरत जाते, आणि गार झालेला हुरडा चिवट लागतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये मानांकन मिळालं, पण मानांकनाने हुरडा पुण्यात ताजा पोचत नाही. म्हणून पुणेकरच सोलापूर-नगरच्या वाटेवरच्या शेतांत जातात. हुरडा पार्टी हा आता कृषी पर्यटनाचा हिवाळी धंदा आहे, माणशी दर ठरलेला, बैलगाडीची फेरी आणि पिठलं-भाकरीचं जेवण धरून.

अलिबाग-रोह्याच्या बाजूला तोच खेळ मडक्यात चालतो. पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधेमधे बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी पाल्यात गुंडाळून. तोंड पाल्याने गच्च बंद, मडकं पालथं, भोवती पेंढा-लाकडांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर अर्ध्या-पाऊण तासात सगळं शिजतं. झालं की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून ओळखतात. चर्रर्र झालं की उतरवायचं. भांबुर्डी शेताच्या बांधावर आपोआप उगवते आणि थंडीतच मिळते, त्यामुळे पोपटीचा मोसम पाल्यानेच ठरवून दिलेला.

अमरावती जिल्ह्यात, चांदूरबाजार तालुक्यात, २० डिसेंबरपासून महिनाभराहून जास्त बहिरमची यात्रा चालते. तिथे लोक राहुट्या टाकून राहतात, गोवऱ्यांत रोडगे भाजतात, मातीच्या हंडीत मटण शिजवतात. घरचं माणूस न्‌ माणूस यात्रेत येऊन जेवून जातं.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट डोळ्यात भरते. आगटीजवळ, मडक्याजवळ, हंडीजवळ बहुतेक पुरुष असतात. घरी चहाचं आधण ठेवायला कांकूं करणारा माणूस बांधावर पोपटीचं मडकं कसं लावायचं यावर तासभर वाद घालू शकतो. उघड्यावरचा, वर्षातून एकदाचा, गप्पा मारत करायचा स्वयंपाक पुरुषांना आवडतो. राहतो तो रोजचा.

पुन्हा डबे

पौष लागता लागता दुसऱ्या डब्यांची वेळ होते. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळंतिणीसाठी अळिवाचे. डिंक धावड्याचा असेल तर उत्तम, बाभळीचाही चालतो. तुपात चार-चार खडेच टाकायचे, कारण एकदम टाकले तर वरून फुलतात, आत कच्चे राहतात आणि दाताला चिकटतात. खारकेची पूड, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, बदाम, गूळ आणि गोडंबी. ही गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बिब्ब्याच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. ते फोडून गर काढणाऱ्या बायकांच्या हातांवर फोड येतात, डाग कायमचे राहतात. लाडवाच्या डब्यावर घटकांची यादी छापलेली असते. हात त्या यादीत नसतात.

गोव्यात आणि वसईत याच दिवसांत नाताळची तयारी असते. गोव्यात कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, ताटात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कलकल. दोदोलासाठी तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ एकत्र करून कढईच्या कडा सुटेपर्यंत ढवळत बसायचं, आणि हात बदलायला दुसरं माणूस जवळ ठेवायचं. बेबिंका एकेक थर ओतून, प्रत्येक थराला झाकणावरच्या निखाऱ्यांनी वरून रंग आणत करतात. अर्धा दिवस त्यातच जातो. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती आता विमानतळावरच्या दुकानात खोक्यात मिळते. कलकल मात्र अजून बऱ्याच घरांत एकत्र बसून होतात, कारण त्यांत लहान मुलांना काम आहे. गोड पिठाची गोळी काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर दाबून वळवायची, म्हणजे तिला शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. मोठ्यांच्या हातच्या सारख्या, मुलांच्या हातच्या वेड्यावाकड्या, आणि तळल्यावर वेड्यावाकड्याच आधी संपतात.

भोगी ते संक्रांत

जानेवारीच्या मध्यावर दोन दिवस असे येतात की तवा आणि डबा पाठोपाठ उभे राहतात. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला, भोगी तिच्या आदल्या दिवशी.

भोगीचं ताट म्हणजे शेताची हजेरी. लेकुरवाळी भाजी : ओला हरभरा, पावटा, घेवडा, गाजर, वांगी, शेंगदाणे, बोरं, उसाचे तुकडे, तिळाचं कूट, गूळ. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं घरातलं मोठं माणूस बजावतं ते मुलांनी भाजीतली बोरं बाजूला काढू नयेत म्हणून. मंडईत भोगीच्या दोन दिवस आधी या भाज्यांचे तयार वाटे मिळतात, पावटा सोललेला, गाजर चिरलेलं. म्हणजे बाजार इथेही दारापर्यंत आला. पण शिजवणं आणि भाकरी थापणं घरात राहिलं.

दुसऱ्या दिवशी गुळपोळी. तिचा गूळ कोल्हापूर भागातला असला तर बरं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाला बाजारपेठ दिली, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं. गुऱ्हाळं याच थंडीत जोरात असतात. काहिलीत रस अडीच-तीन तास उकळतो, रानभेंडीच्या रसाने मळी वर येते, ती काढत राहायची, आणि पाक नेमका कधी उतरवायचा ते गुळव्या ठरवतो. गुळपोळीला चिक्कीचा गूळ चालत नाही, साधाच लागतो. किसलेला गूळ, भाजलेल्या तिळाचं कूट, तेलात खमंग भाजलेलं बेसन, खसखस, जायफळ एकत्र मळून गोळी करायची. कणकेच्या दोन लाट्यांमध्ये ती ठेवून कडा दाबायच्या आणि लाटायचं ते असं की गूळ काठापर्यंत पोचला पाहिजे. न पोचलेला काठ कातण्याने कापून टाकायचा. गूळ फुटून तव्यावर आला की धूर, चिकटा, आणि पुढच्या पोळीआधी तवा पुसायची कसरत. पोळी गार झाल्यावर खुसखुशीत होते आणि तुपाबरोबर आठवडाभर पुरते. म्हणूनच ती ऑर्डरच्या यादीत अनारशाच्या शेजारी जाऊन बसली.

काटेरी हलवा तर घरातून जवळजवळ गेलाच. निखाऱ्याच्या शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर साखरेच्या पाकाचे मोजके थेंब, आणि बोटांनी सतत हालचाल. गारठा असेल तरच काटा उठतो, म्हणून पहाटे बसायचं. बोटांच्या टोकांची सालटं निघतात. आता बोरन्हाणाला आणि नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने भाड्यानेही मिळतात.

शेवटची भाकरी

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका देशभरात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यांत घालवतात आणि पुरुष ८८. फराळ, लाडू, हलवा बाहेर गेल्याने हिवाळ्यातलं काम हलकं झालं यात शंका नाही. पण जे बाहेर गेलं ते बसून, गप्पा मारत, चारजणींनी मिळून करायचं होतं. करंज्यांना शेजारणी यायच्या, एकीच्या घरचं झालं की सगळ्या दुसरीकडे. जे उरलं ते उभ्याने, एकटीने आणि इतरांच्या जेवणाच्या वेळीच करायचं काम आहे.

बाजरीची भाकरी तव्यावरून ताटात पडली पाहिजे, गार झाली की वातड होते. त्यामुळे सहाजणांच्या घरात पाचजण गरम खातात आणि सहावी, जी थापत असते, ती सगळ्यांची ताटं उचलली जात असताना बसते. ‘तूही बस की आता’ हे वाक्य घरोघरी म्हटलं जातं आणि ‘तुम्ही घ्या, माझी शेवटची राहिलीये’ हे उत्तरही. आजीच्या काळात चुलीपाशी एक थापायची आणि एक शेकायची, सासू-सून किंवा जावा-जावा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ओट्याशी एकटीलाच जागा असते.

काही घरांनी वाटा काढल्या आहेत. कुणी भाकरीपुरती बाई लावतं, कुणी पोळीभाजी केंद्रातून भाकऱ्या आणून तव्यावर गरम करतं. काही ठिकाणी नवरे शिकले. शेकणं आधी जमतं, थापायला वेळ लागतो. काही घरांत भोगीची भाकरी सरळ ओट्यापाशी उभ्यानेच खातात, सगळे मिळून.

पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत बचतगटांचं महालक्ष्मी सरस असतं. दोन्हीकडे गावाकडच्या बायका चुली मांडून भाकऱ्या करतात आणि शहरातली माणसं ताट हातात धरून रांगेत उभी राहतात. गर्दीच्या वेळी स्टॉलवर एक थापायला आणि एक शेकायला अशा दोघी लागतातच, आणि दोघींना त्याचे पैसे मिळतात. रांगेतल्या कितीतरी घरांत त्या दुसऱ्या जागेसाठी माणूस शोधणं अजून चालूच आहे.